सुभाषच्या पाटीवरचा शब्द

बडोद्यात हेरंब सबनीसांकडे लोक फुकट मागत ते फक्त शब्द. लग्नपत्रिकेवर काय छापू, दुकानाला नाव काय ठेवू, अमक्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणू असं विचारत दांडिया बाजारातला कुणीही खुशाल त्यांचा जिना चढायचा, चहा प्यायचा आणि शब्द घेऊन खाली उतरायचा. चाळीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडे दुसरं मागणार तरी काय? हेरंबरावांना ते आवडायचं. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून ते त्यावरच जगत होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शब्द मागायला आली ती त्यांची मुलगी, मोहना. ती वासण्याला राहायची आणि नंदेसरीतल्या एका केमिकल कंपनीत सुरक्षा अधिकारी होती. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघायची. त्या दिवशी चप्पल काढून सरळ खुर्चीत बसली.

"बाबा, आमच्या साहेबांना एक शब्द हवाय. इंग्रजी. जुना आणि वजनदार. ब्रेव्हरी नको म्हणाले, तो शाळेतल्या कपांवरसुद्धा असतो."

"कशासाठी?"

"सुभाषसाठी. गेटपाशी पाटी लावायचीय. आणि शब्द कुठून आला, त्याचा अर्थ काय, यावर अर्धं पान लिहून द्या. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम आहे, त्यात तुम्हीच वाचा. साहेब म्हणाले, तमारा पप्पाने ज बोलावो."

सुभाष कोण ते हेरंबरावांना ठाऊक होतं. पेपरात आलं होतं. कंपनीतला ठेकेदाराचा कामगार, मूळचा चोपड्याकडचा. जानेवारीत रसायनाची टाकी साफ करायला उतरलेला त्याचा जोडीदार कुशल आत बेशुद्ध पडला. सुभाषनं मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. जोडीदार वाचला, सुभाष गेला. पेपर वाचून हेरंबरावांना गहिवरून आलं होतं, आणि मोहनाला फोन करून ते म्हणाले होते, अशी माणसं अजून आहेत म्हणायची. मोहना तेव्हा फोनवर 'हो' एवढंच म्हणाली होती.

"देतो," ते म्हणाले. "पण आपल्या पद्धतीनं."

ही पद्धत त्यांच्या आजोबांची, तात्यासाहेबांची. तात्यासाहेब संस्थानच्या भाषांतर कचेरीत होते. इंग्रजी कायद्यातल्या शब्दांना मराठी-गुजराती प्रतिशब्द शोधायचं त्यांचं काम. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. वर शब्द, खाली त्याचं मूळ, त्याखाली अर्थ आणि सगळ्यात शेवटी दोन साक्षी. शब्द नुसता कोशात असून चालत नसे. ज्या माणसासाठी किंवा ज्या वस्तूसाठी तो वापरायचा, ती प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांना जाऊन विचारायचं आणि त्यांचं म्हणणं कार्डावर लिहायचं. दोन साक्षी नाहीत तर शब्द कचेरीबाहेर जायचा नाही, मग वरिष्ठ कितीही कावोत. या हट्टापायी तात्यासाहेबांची बढती दोनदा हुकली. घरात मात्र त्याचा अभिमान असा की जसं काही त्यांना जहागीरच मिळाली होती. मोहना याच गोष्टी ऐकत मोठी झाली.

साक्षींचं नाव निघताच ती चपापली. "त्याची काय गरज आहे, बाबा? नुसता शब्द द्या ना. कशाला त्याच्या बायकोला त्रास?"

"अगं, दोन प्रश्न विचारीन आणि येईन."

ती उठली. जाताना डबेही बघितले नाहीत.

दोन दिवस आजोबांची जुनी कार्डं चाळून हेरंबरावांनी शब्द काढला. डाउटी. इंग्रजीत doughty. कसा खणखणीत! हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी, लॅटिन-फ्रेंचचा वाराही न लागलेलं. शूर, निधड्या छातीचा असा अर्थ. पण मूळ पाहायला गेलं तर त्या धातूचा शौर्याशी संबंधच नव्हता. मूळ अर्थ होता उपयोगी पडणं, कामाला येणं. म्हणजे त्या जुन्या लोकांच्या लेखी जो वेळेला कामाला आला तोच शूर. मिशा पिळणारा नव्हे. पुढे शब्द म्हातारा झाला आणि आता इंग्रज तो थट्टेतच वापरतात. तात्यासाहेबांनी कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'मराठीत पाहा: लढाईत कामी येणे.' हेरंबराव आजोबांच्या त्या ओळीवर खूश झाले. दोन भाषांनी, एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नसताना, एकच गोष्ट म्हणावी! त्या आनंदात ते साक्षी गोळा करायला निघाले.

सुभाषची बायको कांचन निझामपुऱ्यामागच्या वस्तीत एका खोलीत राहत होती. नऊ वर्षांची मुलगी मनाली दारातच गृहपाठ करत बसली होती. हेरंबरावांनी स्वतःची ओळख 'शब्द लिहून देणारा मास्तर' अशी करून दिली. कुणाचे वडील ते सांगितलं नाही. तसं काही ठरवून नव्हे, पण नाही सांगितलं.

"सुभाष कसे होते?" त्यांनी विचारलं.

"भित्रे," कांचन म्हणाली.

हेरंबरावांनी पेन खाली ठेवलं.

"खोटं कशाला बोलू, सर? बल्ब बदलायचा तर स्टूल मी धरायची आणि वर पण मीच चढायची. उत्तरायणला पतंग उडवायला सगळी वस्ती पत्र्यावर, हे खाली. मही नदीवर गेलो तर घोट्याच्या वर पाण्यात गेले नाहीत. मला म्हणायचे, कांचन, मला काही झालं तर तुम्हां दोघींना कोण आहे? रोज म्हणायचे. इतकं की मला कंटाळा यायचा." ती बोलता बोलता थांबली. मग तिचा आवाज चढला. "आणि त्या दिवशी नाही आठवलो आम्ही? कुशलसाठी उडी मारली. कुशल कोण लागतो? त्याला वाचवायला गेले आणि हिला सोडून गेले. लोक येतात, म्हणतात अभिमान बाळग. कसला अभिमान? माझा तर संताप होतो. मेलेल्या माणसावर चिडते मी, सर, आणि मग रडते. तुम्हीच सांगा, असं कसं केलं त्यांनी?"

शूर माणसाच्या बायकोनं कसं बोलावं याची एक कल्पना हेरंबरावांच्या डोक्यात होती आणि ही बाई त्या कल्पनेत कुठेच बसत नव्हती. त्यांना तिचा थोडा रागच आला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

कुशल दोन गल्ल्या सोडून राहत होता. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, बोलताना खोकणारा माणूस. घरात एकटाच होता. बायको मुलांना घेऊन महिनाभरासाठी गावी गेली होती, कारण वस्तीत नळावर तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"तुम्ही मोहनाबेनचे वडील ना?" हेरंबराव बसायच्या आत त्यानं विचारलं. "कंपनीत कळलंय, तुम्ही लिहिणार आहात म्हणून. बरं झालं आलात. मी कुणालातरी सांगणारच होतो."

आणि त्यानं सांगितलं. आवाज न चढवता, मधेमधे खोकत.

"साहेब, मला वाचवायला सुभाष उतरला नाही. आधी सुभाषच उतरला. सोमवारी सकाळी दहाला. सुपरवायझर म्हणाला, आत उतरायचं परमिट आहे, मोहनाबेनची सही आहे, उतर. सुभाष घाबरट होता. त्यानं विचारलं, आतला वायू तपासला का? सुपरवायझर म्हणाला, लिहिलंय ना त्यात, वाच. सुभाषनं परमिट दोनदा वाचलं. बोट फिरवून वाचलं. वायू तपासला, ठीक आहे, असंच लिहिलेलं होतं. मग उतरला. शिडीच्या सहाव्या पायरीला त्याचा हात सुटला. सगळे पळापळ करायला लागले. मी कमरेला दोर बांधला, तोंडाला ओला रुमाल बांधला आणि खाली गेलो. त्याची कॉलर धरली होती, साहेब. धरली होती मी. पुढचं आठवत नाही. मला दोरानं वर ओढलं. त्याला दोर नव्हता."

"मग पेपरात..."

"दवाखान्यात चौथ्या दिवशी कंपनीवाल्यांनी इंग्रजीत टाइप केलेला कागद आणला. सही कर म्हणाले. केली." कुशल खाली बघत होता. "आता वस्तीत मी कोण? ज्याच्यापायी सुभाष मेला तो. कांचनवहिनीच्या भावानं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. वहिनी मला पाहून रस्ता बदलतात. आणि मी खरं सांगायला गेलो तर म्हणतील, स्वतःचं तोंड उजळ करायला मेलेल्याचं नाव खराब करतो. मला कुणाला जेलमध्ये घालायचं नाही, साहेब. पाटी लावा, नाही लावा. फक्त वहिनीला एकदा सांगा, तो स्वतःहून नव्हता गेला. मी गेलो होतो त्याच्यामागे. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं सांगितलं तर त्या मानतील."

दोन साक्षी झाल्या. तात्यासाहेबांच्या पद्धतीप्रमाणे कार्ड पुरं झालं होतं. शब्दही बरोबर होता, फक्त माणूस दुसरा निघाला. डाउटी होता तो हा समोर बसून खोकत होता. हेरंबरावांनी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. बाहेर येऊन त्यांनी रिक्षा केली.

ते तसेच वासण्याला गेले. मोहना सुट्टीवर होती. दार उघडून तिनं वडिलांचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. दहावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाला, अनयला, तिनं आतल्या खोलीत पाठवलं, दार लावून घेतलं.

"तू वायू न तपासता सही केलीस?"

"बाबा, रोज पन्नास-साठ परमिटं निघतात. मी एकटी आहे. प्रत्येक टाकीपाशी जाऊन तपासत बसले तर प्लांट बंद पडेल. सगळीकडे हीच रीत आहे. सोमवारी सकाळी अख्ख्या आठवड्याच्या पुस्तकावर सह्या करून ठेवायच्या, तपासणीचा रकानापण भरून ठेवायचा. माझ्या आधीचे हेच करायचे. मला पहिल्या दिवशी त्यांनी हेच शिकवलं. सहा वर्षांत काही झालं नाही."

"ते परमिट कुठे आहे?"

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "फाडलं. मीच."

हेरंबराव सोफ्यावर बसले. लहानपणी शाईचा डाग पडला म्हणून वहीचं पान फाडलं तर दोन दिवस रडणारी ही मुलगी.

"कुशल न विचारता आत गेला आणि सुभाष त्याच्यामागे स्वतःहून उतरला असेल तर परमिटचा प्रश्नच येत नाही," मोहना एका सुरात बोलत होती, पाठ केल्यासारखी. "चौकशी तिथेच संपते. साहेबांच्या वकिलांनी सुचवलं. मी फक्त नाही म्हटलं नाही. बाबा, मी रात्रीची झोपत नाही. डोळे मिटले की तो पायऱ्यांवर दिसतो. तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? पण खरं बोलले तर मी आत जाईन. वर्ष-दोन वर्षं. अनयचं काय? साहेब हात वर करतील, सही माझी आहे."

"त्या कुशलचं काय? त्या बाईचं?"

"तुम्ही शब्द तेवढा द्या." ती आता रडत होती. "बाकीचं वाक्य मी लिहीन. तुमच्या हातानं खोटं लिहायला नाही सांगत मी."

आणि इथे आपले हेरंबराव, दोनदा बढती सोडणाऱ्या तात्यासाहेबांचे नातू, निसरड्या जागेवर बरोबर घसरले. त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली की आपण शब्दाबद्दल लिहायचं. शब्दाचं मूळ खरं आहे, अर्थ खरा आहे. त्यात सुभाषचं नाव येणार नाही. पाटीवर जे काय असेल ते कंपनीचं. असला हिशेब वकील करतो तेव्हा आपण त्याला लबाड म्हणतो. हेरंबरावांनी तो केला तेव्हा त्यांना तो नाइलाज वाटला. घरी येऊन त्यांनी अर्धं पान लिहिलं, आणि चीड आणणारी गोष्ट अशी की ते पान सुंदर उतरलं.

कार्यक्रम कंपनीच्या कँटीनमध्ये झाला. पन्नास-साठ कामगार टोप्या घालून ओळीत बसले होते. पुढे कांचन आणि मनाली, दोघींना नवीन कपडे कंपनीनंच दिलेले. टेबलावर काळ्या दगडाची पाटी. वर मोठ्या अक्षरात डाउटी, खाली सुभाषचं नाव, त्याखाली मराठीत आणि गुजरातीत एक ओळ, 'सहकाऱ्याचे प्राण वाचवताना कामी आला'. 'कामी आला' हे आपण दिलं होतं, हे हेरंबरावांना पाटी बघेपर्यंत आठवलंच नव्हतं. मोहनानं कार्डाचा फोटो मागितला, तेव्हा त्यांनी तो पाठवला होता.

साहेबांचं भाषण झालं. मग सुभाषच्या फोटोला हार घालायला कुशलला बोलावलं. ज्याचा जीव वाचला त्याच्या हातचा हार, अशी कुणाची तरी सुपीक कल्पना. कुशल हार घेऊन उठला आणि कांचन खुर्चीतून ताडकन उभी राहिली.

"याच्या हातचा नको," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण कँटीनमध्ये पंखे सोडले तर दुसरा आवाज नव्हता. "दुसऱ्या कुणाच्या पण हातचा चालेल. याच्या नको."

कुशल तिथेच उभा राहिला, हार दोन्ही हातांत धरून. त्यानं कांचनकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही. त्यानं हेरंबरावांकडे पाहिलं. हेरंबरावांच्या हातात तेव्हा माइक होता, कारण पुढचं नाव त्यांचंच होतं.

आयुष्यात माणसावर अशी वेळ क्वचितच येते की सगळं त्याच्या एका वाक्यावर उभं असतं आणि ते वाक्य त्याला पाठ असतं. 'कांचनताई, सुभाष उतरले नाहीत, त्यांना उतरवलं. आणि त्यांना आणायला उतरला तो हा माणूस.' एवढंच. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला हे जड नव्हतं. हेरंबरावांनी तोंड उघडलं. दुसऱ्या ओळीच्या टोकाला मोहना बसली होती, पांढरीफटक, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी तोंड मिटलं आणि कागद उलगडून वाचायला सुरुवात केली.

"हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे. त्याच्या मुळात शौर्य नाही. त्याच्या मुळात आहे, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं..."

कुशलनं हार रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि खोकत बाहेर गेला. हेरंबरावांनी अर्धं पान शेवटपर्यंत वाचलं. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "वाह, सबनीससाहेब, बहु सरस." मोहना टाळ्या वाजवत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, आणि लोकांना वाटलं तिला भरून आलं.

परत जाताना कंपनीनं एकाच गाडीची सोय केली होती. कांचन आणि मनालीला निझामपुऱ्यात सोडून ती पुढे दांडिया बाजारला जाणार होती. हेरंबराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, म्हणजे मागे बघावं लागू नये. गाडी छाणीला आली.

"सर," मागून कांचन म्हणाली. "तुम्ही शिकलेले. खरं सांगा. उतरायच्या आधी ते थोडं तरी थांबले असतील का? आमचा विचार आला असेल का त्यांच्या मनात?"

थांबला होता. बोट फिरवून कागद दोनदा वाचण्याइतका थांबला होता, तुम्हां दोघींसाठीच थांबला होता. हेरंबरावांना हे पक्कं माहीत होतं. कुशलच्या खोलीत ऐकल्यापासून त्यांना ते बोट दिसत होतं.

"सांगा ना, सर."

"शूर होते ते," हेरंबराव म्हणाले. "शूर माणूस तेवढा विचार करत बसत नाही."

मग कांचन मुलीला म्हणाली, "ऐकलंस, मना? आपला विचार नाही आला त्यांना. सर सांगताहेत."

"कुशलकाकांचा आला?" मनालीनं विचारलं.

"हो. त्याचा आला."

छाणी जकातनाक्याला लाल दिवा लागला. आकडे एकशे वीसवरून खाली यायला लागले. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. सांगायचं असतं तर तेवढ्यात दोनदा सांगून झालं असतं. हेरंबराव आकड्यांकडे बघत बसून राहिले, आणि दिवा हिरवा झाल्यावर त्यांनीच ड्रायव्हरला सांगितलं, "चालो, भाई."